महाडच्या बायका आणि लुगड्याचा सत्याग्रह

दरवर्षी २० मार्च आणि २५ डिसेंबर या दोन दिवशी आम्ही महाडला जातो. चवदार तळ्याच्या पायऱ्या उतरतो, ओंजळीत पाणी घेतो, बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करतो आणि घरी परततो. आमच्या आधीच्या पिढ्यांनीही हेच केले. मागे एकदा रायगड जिल्ह्यातल्याच एका गावात तरुणांचे अभ्यास शिबिर होते. तिथे आम्ही मुलांना सांगितले, महाडच्या लढ्यातल्या माणसांची नावे सांगा. मुलामुलींनी भराभर नावे सांगितली. रामचंद्र मोरे, सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे, बापूसाहेब सहस्रबुद्धे, परिषदेला जागा देणारे फत्तेखान. एकाने तर बाबासाहेब मुंबईहून ज्या बोटीने दासगाव बंदरात उतरले त्या बोटीचेही नाव सांगितले, 'पद्मावती'.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारला. महाडच्या लढ्यातल्या एका बाईचे नाव सांगा.

शिबिरात कोणी बोलेना. खरे सांगायचे तर प्रश्न विचारणाऱ्या आमच्यापैकी निम्म्या जणांनाही उत्तर देता आले नसते. बोटीचे नाव आम्हाला पाठ आहे, बाईचे नाही. हा लेख त्या दिवसापासून मनात आहे. महाडच्या लढ्याची शताब्दी २०२७ साली आहे. त्या निमित्ताने मोठमोठे सोहळे होतील, पुस्तके निघतील, पुढारी येतील. त्याआधी आम्हाला आमच्याच चळवळीशी थोडे भांडायचे आहे.

पाणी कोणाचे काम होते?

चवदार तळ्याचा इतिहास आपण कसा सांगतो ते पाहा. रावबहादूर सी. के. बोले यांनी ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात ठराव मांडला आणि सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या. महाड नगरपालिकेने त्याच आधारे जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. मग सवर्णांनी हल्ला केला, माणसे फोडली आणि नंतर १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' केले.

या सगळ्यात ठराव मांडणारा पुरुष, अंमल न करणारा पुरुष, पाणी पिणारा पुरुष आणि लाठी मारणाराही पुरुष. पण आम्ही विचारतो, १९२७ साली महाड तालुक्यातल्या कुठल्या महारवाड्यात, चांभारवाड्यात पुरुष पाणी भरत होता? पाणी भरणे हे बाईचे काम होते. सवर्णांच्या विहिरीपासून लांब उभे राहून कोणी तरी वरून पाणी ओतील याची वाट पाहणारी बाई होती. कोरड्या नदीपात्रात झरा खणून वाटीवाटीने घागर भरणारी बाई होती. कोकणात पावसाळ्यात पाण्याचा महापूर आणि मार्च उजाडला की डोंगरकपारीची वणवण, हे दुखणे ज्यांना माहीत आहे त्यांना पाण्याचा सत्याग्रह म्हणजे काय ते वेगळे सांगावे लागत नाही. मार्चच्या परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, हे आपण अभिमानाने आणि संतापाने सांगतो. ते सांगायलाच पाहिजे. पण परिषदेचा तो एक दिवस होता. बाई ती किंमत वर्षाचे ३६५ दिवस मोजत होती.

म्हणून आमचे पहिले म्हणणे असे की, चवदार तळ्याचा प्रश्न हा आधी बायकांचा प्रश्न होता. त्यांचे नाव त्यात नाही हा इतिहासाचा अपघात नाही, सांगणाऱ्यांची सवय आहे.

डिसेंबरचे तीन दिवस

मार्चमध्ये जे अपुरे राहिले ते पुरे करण्यासाठी २५ डिसेंबर १९२७ पासून महाडला सत्याग्रह परिषद भरली. सवर्णांनी आधीच डाव टाकला होता. तळे खासगी मालकीचे आहे असा दावा त्यांनी १२ डिसेंबरला दिवाणी कोर्टात दाखल केला आणि १४ तारखेला तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. परिषदेला गावात कोणी जागा देईना तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जमीन दिली. बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह समुद्रमार्गे दासगावला उतरले आणि तिथून सगळे महाडला आले.

पहिल्याच दिवशी अध्यक्षीय भाषणात बाबासाहेबांनी १७८९ च्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेची आठवण दिली. आपण इथे फक्त पाणी प्यायला जमलो नाही, समतेची मुहूर्तमेढ रोवायला जमलो आहोत, हा त्या भाषणाचा गाभा होता. त्याच भाषणात त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी आपण फारशी उद्धृत करत नाही. अस्पृश्यतेचे मूळ लोटाबंदीत नाही, बेटीबंदीत आहे. एकत्र पाणी प्यायल्याने जात मोडणार नाही. आपल्या जातीबाहेर मुलीचे लग्न होऊ न देण्याची जी चौकट आहे ती मोडली तरच जात मोडेल.

हे बाबासाहेबांना महाडला सुचलेले नव्हते. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी हेच सिद्ध केले होते. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न केल्याने, आणि ते टिकवण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तिन्ही प्रथांनी बाईला कोंडले. म्हणजे जातीच्या वाड्याचे कुलूप बाईच्या अंगावर लावलेले आहे. त्या रात्री सहस्रबुद्ध्यांनी मांडलेल्या ठरावानुसार मनुस्मृतीचे दहन झाले. मनुस्मृतीने शूद्रांना काय केले ते आपण सांगतो. पण बाई लहानपणी बापाच्या, तरुणपणी नवऱ्याच्या आणि म्हातारपणी मुलाच्या ताब्यात राहील, तिला स्वातंत्र्य नाही, हेही त्याच ग्रंथाने सांगितले होते. ती आग ब्राह्मणाच्या बाईसाठीही पेटली होती. ते तिने ओळखले की नाही, हा वेगळा प्रश्न.

कोर्टाचा हुकूम होता म्हणून प्रत्यक्ष पाणी घेण्याचा कार्यक्रम बाबासाहेबांनी स्थगित केला. हजारो लोकांनी तळ्याला मिरवणुकीने फेरी घातली. आणि २७ डिसेंबरला, शेवटच्या दिवशी, बाबासाहेबांनी परिषदेला आलेल्या बायकांची वेगळी सभा घेतली.

लुगडे, गोठ, पाटल्या

या सभेत बाबासाहेबांनी तत्त्वज्ञान सांगितले नाही. अगदी रोजच्या जगण्याच्या गोष्टी सांगितल्या. तुमची लुगडे नेसण्याची पद्धत पाहूनच तुम्ही अस्पृश्य आहात हे ओळखू येते, तर ती पद्धत सोडा. गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत कथलाचे नाहीतर चांदीचे गोठ-पाटल्या ही तुमच्या जातीची खूण झाली आहे, ती काढून टाका. लुगडे फाटके असेल तर चालेल पण स्वच्छ असू द्या. मेलेल्या जनावराचे मांस घरात येऊ देऊ नका. दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला आणि मुलाला जेवण घालू नका. मुलांना शाळेत घाला आणि मुलींनाही घाला.

यानंतर काय झाले ते महत्त्वाचे आहे. बायकांनी तिथल्या तिथे ते अमलात आणले. गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेली लुगडी सोडून घोट्यापर्यंत पायघोळ नेसली. नेसायची सवय नसलेल्यांना चित्रे आणि टिपणीस या कायस्थ घरांतल्या स्त्रियांनी नेसवून दाखवली. अंगावरचे जड दागिने उतरले. आल्या तेव्हा ज्या एका नजरेत ओळखू येत होत्या, त्या परतताना तशा ओळखू येईनात.

आता दोन तारखा शेजारी ठेवा. चवदार तळ्याचा दावा महाडच्या कोर्टातून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला गेला आणि उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला १७ मार्च १९३७ रोजी. तळ्याला दहा वर्षे लागली. लुगड्याला एक दिवस लागला. महाडच्या परिषदेचा जो कार्यक्रम कोर्ट, कलेक्टर, नगरपालिका यांतल्या कोणालाही न विचारता पहिल्यांदा पूर्ण झाला, तो बायकांनी पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही, आणि मनाई हुकूम आणून तो थांबवणे कोणाला शक्यही नव्हते.

'ही तर नक्कल होती' म्हणणाऱ्यांना

इथे काही विद्वान म्हणतात की हे तर उच्चवर्णीयांचे अनुकरण झाले. खालच्या जाती वरच्यांचा पोशाख, खाणेपिणे, चालीरीती उचलतात आणि वर सरकू पाहतात, तसलाच हा प्रकार. आमच्यातलेही काही शिकलेले लोक हे ऐकून मान डोलावतात.

दुसरा आक्षेप याहून साधा असतो. कोकणात लावणीच्या चिखलात, मिठागरात, मासळीच्या कामात कुठल्याही जातीची कष्टकरी बाई लुगडे वर खोचून घेते, मग त्यात जात कुठे आली?

दुसऱ्याचे उत्तर आधी देऊ. कामासाठी लुगडे वर खोचणे आणि लुगडे खाली सोडायची मुभा नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुणब्याची बाई बांधावरून घरी आली, सणावाराला गेली की हवे तसे नेसत होती. तिने कसे नेसावे हे गाव ठरवत नव्हता. आमच्या बाईचे मात्र गाव ठरवत होता. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' मध्ये लिहून ठेवले आहे की महार बाईने लुगड्याचे काठ दिसू द्यायचे नाहीत, ते निऱ्यांत झाकायचे. काठ दिसले तर उच्चवर्णीय बाईची बरोबरी केली असे होत होते. कपडा अंग झाकायला नव्हता, जात दाखवायला होता.

आणि पहिल्या आक्षेपाचे उत्तर इतिहासच देतो. महाडच्याच काळात इंदूर भागातल्या सवर्ण हिंदूंनी बलाई जातीला फर्मान काढले. त्यात बलाई बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत, भारी घागरा-जाकीट घालायचे नाही अशी कलमे होती. बलाईंनी ऐकले नाही तेव्हा त्यांचे पाणी तोडले, गुरे चरू दिली नाहीत. १९३५ साली अहमदाबाद जिल्ह्यातल्या झानू गावात चांगल्या परिस्थितीतल्या अस्पृश्य बायका धातूच्या भांड्यातून पाणी आणू लागल्या म्हणून त्यांच्यावर हल्ला झाला. ही दोन्ही उदाहरणे बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेद निर्मूलन' या भाषणात दिली आहेत. त्याहीआधी त्रावणकोरमध्ये नाडार बायकांना छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षे मार खावा लागला, तेव्हा कुठे १८५९ मध्ये राजाने जाहीरनामा काढला.

नक्कल करणाऱ्याला कोणी मारत नाही, हसतात. इथे तर गावेच्या गावे मारायला उठली. कारण सवर्णांना बरोबर कळले होते की पोशाख बदलला की ओळखण्याची सोय संपते, आणि ओळखण्याची सोय संपली की वेगळी वागणूक देण्याची सोय संपते. विद्वानांना जे कळले नाही ते झानूच्या गावगुंडांना कळले होते.

शिवाय बाबासाहेबांनी बायकांना सोने घाला म्हटले नाही, दागिना उतरवा म्हटले. रेशमी नेसा म्हटले नाही, फाटके असले तरी स्वच्छ नेसा म्हटले. वरच्यांसारखे दिसणे हा हेतू नव्हता. खालचे म्हणून ओळखले जाणे नाकारणे हा हेतू होता.

एक प्रश्न आमच्यासाठीही

मात्र एक प्रश्न आम्ही टाळणार नाही, कारण तो आमच्याच मुली आम्हाला विचारतात. स्वच्छता, पोशाख, मेलेल्याचे मांस, मुलांची शाळा, नवऱ्याची दारू, हे सगळे बाईच्याच डोक्यावर का? समाज सुधारायचा भारही तिनेच वाहायचा का?

प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे. त्या काळात घर चालवण्याचा भार बाईवर होताच, तो बाबासाहेबांनी टाकलेला नव्हता. त्यांनी त्या भारातून तिच्या हाती सत्ता दिली. दारू पिऊन आलेल्या नवऱ्याला ताट वाढू नको, हे वाक्य १९२७ साली एका पुरुष नेत्याने हजारो बायकांना सांगणे म्हणजे मनुस्मृतीतल्या पतिव्रतेच्या धर्माला चूल पेटवून उत्तर देणे होते. आदल्या दिवसांत जो ग्रंथ जाळला त्याची राख अजून गरम असताना सांगितलेले हे वाक्य आहे. पण त्याच वेळी हेही खरे की त्या सभेनंतरच्या शंभर वर्षांत आम्ही पुरुषांनी बायकांना सांगितलेली कलमे पाठ केली, आणि आपल्या वाट्याची विसरलो. तो दोष बाबासाहेबांच्या भाषणाचा नाही. आमचा आहे.

महाड ते नागपूर

याच १९२७ सालाच्या जानेवारीत पुण्यात अखिल भारतीय महिला परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई अध्यक्षस्थानी होत्या. मुलींच्या शिक्षणाची चर्चा झाली. भारतीय स्त्रियांच्या इतिहासातला मैलाचा दगड म्हणून ते अधिवेशन पुस्तकांत असते, आणि असायलाही हरकत नाही. पण त्याच मुंबई इलाख्यात, त्याच वर्षाच्या डिसेंबरात, सावित्री नदीच्या काठावर एका उघड्या मैदानात जमलेल्या शेतमजूर बायकांनी जे केले ते त्या यादीत का नसते? १९३७ च्या अखेरीस त्याच महिला परिषदेच्या नागपूर अधिवेशनात दलित बायकांना जेवणासाठी वेगळे बसवल्याचा प्रकार घडला आणि जाईबाई चौधरींसारख्या कार्यकर्त्यांनी त्याचा जाहीर निषेध केला. यादीत नाव का नसते याचे उत्तर त्या पंगतीत मिळते.

महाडच्या बायका मात्र थांबल्या नाहीत. १९२८ च्या जानेवारीत मुंबईत महिला मंडळ स्थापन झाले, अध्यक्ष रमाई होत्या. त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात गिरणी कामगार बायकांना बाळंतपणाची सवलत मिळावी म्हणून विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. २ मार्च १९३० पासून नाशिकच्या काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात बायका उतरल्या, तुरुंगात गेल्या. १९३१ साली तुळसाबाई बनसोडे 'चोखामेळा' हे पत्र चालवत होत्या. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषद भरली, वीस हजारांहून अधिक बायका आल्या आणि त्यांनी घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला बंदी, कामगार बायकांना भरपगारी रजा असे ठराव केले. नऊ वर्षांनी, २७ सप्टेंबर १९५१ रोजी, बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल अडवले जाणे हे मोठे कारण होते. नागपूरच्या बायकांनी मागितलेले घटस्फोटाचा हक्क आणि बहुपत्नीत्वाला बंदी हे त्या बिलात होते.

हा धागा महाडच्या मैदानातून निघतो. १९९६ साली चंद्रपूरच्या महिला परिषदेने २५ डिसेंबर हा भारतीय स्त्री मुक्ती दिन म्हणून पाळायचे ठरवले, ते उगाच नव्हे.

आता करायचे काय?

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक काढले. चळवळीतल्या वयस्क बायकांना गावोगाव, वस्तीवस्तीत जाऊन त्या भेटल्या आणि त्यांच्या तोंडून इतिहास लिहून घेतला. दोन बायकांनी एसटीने फिरून जे केले ते आमच्या एवढ्या मोठ्या संघटनांना, मंडळांना, अभ्यास केंद्रांना तोपर्यंत सुचले नव्हते. पुस्तकाच्या शीर्षकातला 'ही' नीट वाचा. तो आपल्यालाच उद्देशून आहे.

१९२७ साली महाडला गेलेल्या बायका आता नाहीत. पण त्यांच्या नाती आहेत, आज सत्तरी-ऐंशीच्या घरात. दासगाव, लाडवली, रावढळ, पोलादपूर, माणगाव, गोरेगाव इथल्या बौद्धवाड्यांत त्या आहेत. आजीने सांगितलेले त्यांना आठवते. कोण चालत गेली, कोणाच्या कडेवर पोर होते, कोणी गोठ काढून मोडीत घातले आणि त्या पैशांचे काय केले, घरी परतल्यावर सासू काय म्हणाली, गावातल्या खोताने काय केले. हे कुठल्याही सरकारी दप्तरात मिळणार नाही. दहा वर्षांनी हेही उरणार नाही.

म्हणून आमचे सांगणे तीन गोष्टींचे आहे. शताब्दीच्या आधी प्रत्येक बौद्धवाडीने आपल्या वाडीतून महाडला गेलेल्या बायकांची नावे शोधून वहीत लिहावीत, नाव नसेल तर अमक्याची आई, तमक्याची सासू एवढे तरी लिहावे. २५ डिसेंबरच्या व्यासपीठावर बायकांना हार घालायला आणि स्वागतगीत म्हणायला न बोलावता भाषणाला बोलवावे, आणि भाषणासाठी शेवटची पाच मिनिटे न ठेवता पहिला तास ठेवावा. आणि आम्हा पुरुषांनी त्या दिवशी आपल्या घरचे पाणी स्वतः भरावे. नळ आला, टँकर आला तरी रायगडच्या कित्येक वाड्यांत एप्रिल-मे महिन्यांत हंड्यांच्या रांगेत अजून बाईच उभी असते.

पुढच्या शिबिरात आम्ही तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहोत. बोटीचे नाव नाही सांगितले तरी चालेल.

जय भीम!